खड्डा खणण्याआधी

नव्याने लावायच्या जंगलाचा आराखडा समोर आला की माझी नजर आधी त्यातल्या मोकळ्या सोडलेल्या तुकड्यांकडे जाते. ओक, हॉर्नबीम, फील्ड मेपल, हेझल अशा जातींची रंगीत विभागणी केलेली असते, पायवाटा आखलेल्या असतात, आणि मध्येच कुठेतरी एक वेडावाकडा पांढरा तुकडा असतो, जिथे काहीच लावायचे नसते. कधी त्याचे कारण वरून गेलेली विजेची तार असते, कधी खालून गेलेली पाण्याची वाहिनी. पण काही वेळा कारण असे असते की दोन हजार वर्षांपूर्वी त्या जागी कोणाची तरी चूल पेटत होती, आणि हे समजावे म्हणून कोणीतरी हिवाळ्यात त्या शेतातून जुने अवशेष शोधत सरळ रेषेत येरझारा घातलेल्या असतात. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर काउंटीत राहायला आल्यापासून अशा येरझारा घालणाऱ्या हौशी लोकांत मीही अधूनमधून असतो, आणि त्या पांढऱ्या तुकड्यांविषयी मला जे वाटत आले आहे ते एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

इंग्लंडमध्ये सध्या झाडे लावण्याची घाई आहे, आणि ती रास्तही आहे. झाडांच्या छायेखालची जमीन सुमारे साडेचौदा टक्के आहे, ती 2050 पर्यंत साडेसोळा टक्क्यांवर न्यावी असे उद्दिष्ट 2023 साली कायद्यानेच ठरवले गेले. दोन टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण त्याचा अर्थ अडीच लाख हेक्टरांहून अधिक जमीन असा होतो, आणि ही जमीन प्रामुख्याने आजच्या शेतांतून आणि कुरणांतूनच येणार हे उघड आहे. शेत म्हणजे रिकामी जागा, तिथे एकच पीक असते आणि त्याऐवजी रान आले तर सगळे भलेच होईल, असे आपण सहज धरून चालतो. जमिनीच्या वरच्या बाजूपुरते ते बहुधा खरेही आहे. खालच्या बाजूबद्दल मात्र कोणी विचारल्याशिवाय काही कळत नाही.

आमच्या भागातले नवे रान म्हणजे हार्टवुड फॉरेस्ट. सेंट ऑल्बन्स आणि हार्पेंडन या दोन गावांच्या दरम्यान, सँडरिज नावाच्या खेड्याला लागून असलेली 858 एकर जमीन वुडलँड ट्रस्ट या धर्मादाय संस्थेने 2008 साली विकत घेतली आणि पुढच्या दशकभरात स्वयंसेवकांनी आणि शाळकरी मुलांनी तिथे सुमारे सहा लाख रोपे लावली. जमीन बहुतांशी गव्हा-बार्लीची होती, आणि त्या शेतांमध्ये जुन्या जंगलाचे काही तुकडे बेटांसारखे शिल्लक होते. एप्रिलच्या शेवटी तिथे ब्लूबेलच्या फुलांची निळाई पाहायला माणसे आजही लांबून येतात. आता त्या बेटांभोवतीची झाडे दोन पुरुष उंच झाली आहेत. पण या परिसराचा नकाशा जरा मोठा करून पाहिला, तर ही जमीन कशाच्या शेजारी आहे ते लक्षात येते. नैर्ऋत्येला काही मैलांवर व्हेरुलेमियम हे रोमन ब्रिटनमधले एक मोठे शहर होते. इ. स. 60-61 च्या सुमारास बूडिका राणीच्या रोमनांविरुद्धच्या बंडात ते जाळले गेले, पुन्हा उभे राहिले, पुढे ओस पडले, आणि 1077 पासून सेंट ऑल्बन्सच्या मठाचे नवे चर्च बांधताना त्याच शहराच्या भाजलेल्या विटा उचलून आणल्या गेल्या. चर्चच्या मनोऱ्यात त्या आजही उघड दिसतात. शहर आणि सँडरिज यांच्यामध्ये बीच बॉटम डाइक नावाचा लोहयुगातला अजस्र खंदक आहे. पलीकडे व्हीटहॅम्पस्टेडजवळ डेव्हिल्स डाइक नावाचा दुसरा खंदक आहे. तो सुमारे 12 मीटर खोल आहे, आणि रोमन लोक येण्यापूर्वी माणसांनी तो हातांनी खणला आहे. अशा भूभागात एखादे शेत कोरे निघणे हीच नवलाची गोष्ट ठरावी.

व्हेरुलेमियम 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला मॉर्टिमर व्हीलर आणि टेसा व्हर्नी व्हीलर या पुरातत्त्वज्ञ दांपत्याने उत्खनन करून उजेडात आणले आणि डेव्हिल्स डाइकवरही कुदळ चालवली. हेच व्हीलर 1944 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूतून निघालेली रोमन खापरे पाहताच त्यांना त्यांचे मोल कळले, यामागे ब्रिटनमधली त्यांची रोमन स्थळांवरची वर्षे होती. लंडनमध्ये शिकत असताना ह. धी. सांकळिया त्यांच्याच हाताखाली डॉर्सेटमधील मेडन कॅसलच्या उत्खननात काम करून आले, आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी जी परंपरा उभी केली तिने प्रवरेच्या काठी जोर्वे आणि नेवासे ही प्राचीन वस्त्यांची स्थळे गाठली. माझे आजोळ प्रवरेच्या काठचे असल्यामुळे हा धागा मला फार जवळचा वाटतो. तरी एक फरक सांगायला हवा. व्हीलर आणि सांकळिया खणून शोधत होते. लागवडीपूर्वीचे सर्वेक्षण हे मुख्यतः खणावे लागू नये म्हणून केले जाते. ज्याचा शोध लागेल ते आहे तिथेच, आहे तसेच ठेवायचे, आणि रोपासाठीचा खड्डा तेवढा दुसरीकडे घ्यायचा, एवढाच त्याचा हेतू असतो.

कामाची सुरुवात शेतात होत नाही, टेबलावर होते. प्रत्येक काउंटीकडे पूर्वी सापडलेल्या अवशेषांची नोंदवही असते. कोणाला नांगरताना नाणे मिळाले, कोणत्या उन्हाळ्यात विमानातून काय दिसले, हे सगळे त्यात नोंदलेले असते. 1836 च्या कायद्यानंतर चर्चच्या धान्य-कराचे रूपांतर रोख रकमेत करण्यासाठी गावोगावचे नकाशे काढले गेले. त्यांच्यासोबतच्या यादीत शेतांची नावे लिहिलेली आहेत, आणि एखाद्या शेताला विटांच्या भट्टीचे किंवा देवळाचे नाव असेल तर ते कशामुळे पडले असावे याचा विचार करावा लागतो. त्यानंतर लायडार. विमानातून लेझरचे किरण सोडून जमिनीचा उंचसखलपणा मोजणारे हे तंत्र आहे, आणि इंग्लंडच्या बहुतेक भागाची अशी मोजणी सरकारी पर्यावरण संस्थेने करून सर्वांना मोफत खुली केली आहे. संगणकावर तिरका उजेड पाडून पाहिले, की उभ्याने सपाट भासणाऱ्या कुरणात मध्ययुगीन सरी-वरंबे उमटतात. ते आपल्या उसाच्या सऱ्यांपेक्षा कितीतरी रुंद असतात, एकेक वरंबा सहा-सात मीटरांचा, आणि टोकांशी त्यांना उलट्या एस अक्षरासारखा बाक असतो. हा बाक बैलांनी दिलेला आहे. आठ बैलांचे लांबलचक औत शेताच्या कडेला वळवायचे म्हणजे बरेच आधीपासून तिरके व्हावे लागे, आणि शेकडो वर्षे तसेच तिरके होत गेल्याने जमिनीनेच ते वळण घेतले.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो शेतातून चालण्याचा भाग. नांगरट झालेली असावी, त्यावर दोन-चार पाऊस पडून ढेकळे विरघळलेली असावीत, पीक अजून वर आलेले नसावे, आणि उजेड मंद असावा. ही सगळी जुळणी साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत होते, म्हणजे ज्या दिवसांत घराबाहेर पडू नये असे कोणालाही वाटेल त्याच दिवसांत. ठरावीक अंतराने काठ्या रोवून रेषा आखतात, प्रत्येकाला एक रेषा देतात, आणि मग मान खाली घालून हळूहळू चालायचे. हर्टफर्डशायरची माती ही खडूच्या खडकावरची चिकण माती आहे आणि तिच्यात चकमकीचे दगड खच्चून भरलेले आहेत. त्यातला कुठला दगड माणसाने घडवला आणि कुठला नांगराच्या फाळाने फुटला हे ओळखणे नवख्याला कठीण जाते. घडवलेल्या कपचीवर आघाताच्या जागी एक फुगीर उंचवटा असतो, त्याच्याभोवती लाटांसारखी वलये असतात. नजर तयार झाली की हात आपोआप खाली वळतो. खापरे मात्र पटकन दिसतात. राखाडी रंगाची रोमन खापरे, गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, आलेल्या तांबड्या चकचकीत भांड्यांचे नखाएवढे तुकडे, छपराच्या कौलांचे जाड तुकडे, आणि या सगळ्यांत मिसळलेल्या दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या मातीच्या चिलमींच्या पांढऱ्या नळ्या. प्रत्येक वस्तू पिशवीत जाते, पिशवीवर रेषेचा आणि टप्प्याचा क्रमांक पडतो.

खापर सापडले म्हणजे तिथे घर होते असे मात्र नाही. पूर्वीचे शेतकरी घरचा उकिरडा शेतात नेऊन पसरत, आणि शेणखताबरोबर फुटकी भांडीही शेतभर जात. त्यामुळे अख्ख्या शेतात विरळ, एकसारखी विखुरलेली खापरे मिळाली, तर ती वस्तीची खूण नसते, खताची असते. अमुक शतकात हे शेत कोणीतरी जीव लावून पिकवत होते एवढेच त्यातून कळते, आणि मला विचाराल तर हेही काही थोडे नाही. वस्ती ओळखायची ती दाटीवरून. एका जागी खापरे एकदम वाढतात, कौले येतात, माती काळपट होते, भाजलेल्या मातीचे गोळे दिसतात. माझे मामा हे सगळे न शिकता जाणत होते. आमच्याकडे जुन्या गावठाणाची जागा म्हणजे पांढर आणि पिकाची जमीन म्हणजे काळी. नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडावरची राखेरी माती धाब्याच्या छपरावर टाकायला आणि शेताला खत म्हणून गाड्या भरभरून नेली जाई, आणि मामा सांगत की त्या मातीबरोबर शेतात रंगीत खापरेही येत. पुरातत्त्वाचे अभ्यासकही प्रवरेकाठी हीच टेकाडे शोधत फिरले. इंग्लंडात रंग उलटा आहे, जुनी वस्ती काळी दिसते, पण कारण तेच आहे: राख, शेण, कुजलेला पाला आणि माणसांचे अनेक पिढ्यांचे राहणे.

चालून झाले की यंत्राची पाळी येते. चुंबकमापक घेऊन चालणाऱ्या माणसाला आधी आपल्या अंगावरचे सारे लोखंड काढावे लागते. कंबरपट्ट्याची बक्कल, पोलादी टोकाचे बूट, किल्ल्या, सगळे बाजूला ठेवून तो एक-एक मीटरच्या अंतराने शेत विंचरत जातो. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र इथे सुमारे 49,000 नॅनोटेस्ला असते आणि बुजून गेलेला एखादा चर त्यात जेमतेम पाच-दहा नॅनोटेस्लांचा फरक करतो, तोही कधीकधी एक-दोनच. वरच्या थरातल्या मातीतील लोहाची संयुगे जाळामुळे आणि जिवाणूंच्या क्रियेमुळे अधिक चुंबकीय झालेली असतात. कोणी चर खणला, तो कालांतराने या वरच्या मातीने भरला, की तो भोवतालच्या मातीपेक्षा किंचित वेगळा राहतो, मग वरून शेकडो वेळा नांगर फिरला तरी. भट्टी किंवा चूल याहून ठळक दिसते, कारण माती सहा-सातशे अंशांच्या पलीकडे तापून थंड झाली की त्या क्षणीचे चुंबकक्षेत्र तिच्यात कायमचे बंद होते. संध्याकाळी संगणकावर करड्या रंगाचा पट उमटतो, आणि त्यात एक काळसर चौकोन, आत दोन वर्तुळे, बाजूने जाणारी जोडरेघ दिसते. म्हणजे कुंपणाचा चर, दोन गोल झोपड्या आणि त्यांच्याकडे जाणारी गुरांची वाट. हे पाहताना टेबलाभोवती एक क्षण कोणी बोलत नाही, आणि मग सगळे एकदम बोलू लागतात.

या यंत्राची भुरळ पडू नये, असे मात्र मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. लोखंडी तार, नळ, तुटलेला फाळ यांच्यापुढे ते आंधळे होते. लाकडी खांबांची घरे, साधी दफने, चकमकीच्या हत्यारांचे पसारे यांतले पुष्कळसे त्याला दिसतच नाही. त्यामुळे अहवालात ‘येथे काही आढळले नाही’ असे वाक्य आले, की ‘येथे काही नाही’ असे ते वाचण्याचा मोह टाळावा लागतो, आणि लागवडीच्या तारखा ठरलेल्या असताना तो टाळणे फार अवघड असते. रोपे रोपवाटिकेतून उचलायची असतात, ती मार्चपूर्वी जमिनीत जायला हवीत, अनुदानाची मुदत असते. पुरातत्त्ववाल्यांना झाडांचे शत्रू समजले जाते ते याच आठवड्यांत.

वास्तविक झाडे आणि अवशेष यांचे नाते सरळ वैराचे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनच्या डोंगराळ भागात सूचिपर्णी वृक्षांची लागवड करताना खोल नांगरांनी जमीन उभी चिरली गेली आणि तिच्याबरोबर अनेक प्राचीन वस्त्यांचे अवशेषही चिरले गेले. ती आठवण या क्षेत्रात अजून ताजी आहे, आणि आज देशाच्या वनलागवडीच्या मानकांत ऐतिहासिक वारशाला स्वतंत्र जागा मिळाली तीही त्यामुळेच, असे मला वाटते. मुळे थरांत शिरतात, माती हलवतात, पाणी शोषून ओले थर कोरडे करतात. वादळात मोठे झाड उन्मळले की मुळांच्या गड्ड्याबरोबर गाडीभर इतिहास वर येतो. हे सगळे खरे. पण दर वर्षी चालणारा नांगर काय करतो? तो दर वेळी थोडी माती उतारावरून खाली सरकवतो, त्यामुळे पुढच्या वर्षी फाळ तेवढाच खोल जातो, आणि खालच्या जमिनीचा वरचा थर हळूहळू मळणीत पडल्यासारखा विस्कटतो. आपण जी खापरे वेचतो ती मुळात अशीच वर आलेली असतात. शेत खापरांनी जितके समृद्ध, तितकी खालची वस्ती जास्त मोडलेली, हे लक्षात आल्यावर वेचण्याचा आनंद थोडा कडवट होतो. उलट डेव्हिल्स डाइकचा खंदक आज झाडांच्या गर्दीत आहे आणि तिथे नांगर कधी पोहोचलाच नाही, म्हणून तो एवढा खोल राहिला आहे. म्हणून अवशेष सापडले तर जमीन शेतीतच राहू द्या, असे म्हणणारा अहवाल मला अर्धवट वाटतो. योग्य मार्ग बहुधा असा असतो की वस्तीच्या जागेवरचा नांगर थांबवावा, तिथे गवत येऊ द्यावे आणि झाडे तिच्या भोवताली लावावीत. असे झाले तर त्या जागेला शेतीपेक्षा जंगलातच अधिक सुरक्षितपणा मिळतो, फक्त त्या जंगलाने मध्ये एक भोक पडू दिले पाहिजे.

जमीन विसरत नाही याचा पुरावा फ्रान्समधून मिळाला आहे. ईशान्य फ्रान्समधल्या लोरेन प्रांतातल्या एका जुन्या जंगलात रोमन काळातली शेतवस्ती होती. ती ओस पडली आणि रान वाढले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या वैज्ञानिकांनी दाखवले, की जुन्या वस्तीच्या जसजसे जवळ जावे तसतशी नत्र आवडणाऱ्या वनस्पती आणि वनस्पतींची एकूण विविधता वाढत जाते, आणि मातीतला स्फुरदही वाढतो. म्हणजे कोणा शेतकऱ्याने अठराशे वर्षांपूर्वी टाकलेले शेणखत आजच्या रानातले कोणते फूल कुठे उमलावे हे ठरवते आहे. तेव्हा उद्या हार्टवुडसारख्या रानात एखादा झुडपांचा पट्टा उगीच दाट वाढलेला दिसला, तर वनस्पतिशास्त्रज्ञाने जुनी नोंदवही उघडून पाहायला हरकत नाही.

हे सारे पाहताना मला महाराष्ट्रातल्या मोहिमा आठवतात. 2016 साली एका दिवसात दोन कोटी झाडे, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा, मग तेहेतीस कोटी अशी उद्दिष्टे सरकारने जाहीर केली होती. त्यांतली किती झाडे जगली याची चर्चा भरपूर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. खड्ड्यांतून आणि सलग समतल चरांतून वर काय आले, याची चर्चा मी ऐकली नाही. नागपूरजवळच्या जुनापाणीत, माहूरझरीत आणि विदर्भात इतरत्र लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत, ती बहुतांशी पिकाला निरुपयोगी अशा मुरमाड, खडकाळ जमिनीवर आहेत. आणि लागवडीसाठी नेमकी तीच जमीन पडीक म्हणून निवडली जाते. जुनापाणीची वर्तुळे संरक्षित आहेत. पण गवतात दडलेले दहा-बारा दगडांचे नाव नसलेले वर्तुळ सातबाऱ्यावर नोंदलेले नसते, आणि चर खणणाऱ्या यंत्राच्या चालकाला ते कोणी सांगितलेले नसते. त्यासाठी महागडी उपकरणे लागतील असेही नाही. गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला घेऊन दोन विद्यार्थी त्या माळावर एक सकाळ फिरून आले, तरी अर्धे काम होईल.

राहिला तो पांढरा तुकडा. आराखड्यात तो मोकळा दाखवला म्हणजे काम संपले, असे पुष्कळांना वाटते, पण इंग्लंडच्या पावसात कोणतीही जमीन आपण होऊन मोकळी राहत नाही. याचा दाखला हार्टवुडच्या शेजारीच, हार्पेंडनच्या रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात आहे. तिथल्या ब्रॉडबॉक नावाच्या शेतात 1843 पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. 1882 साली त्यातला अर्ध्या एकराचा एक तुकडा कापणी न करता तसाच सोडून देण्यात आला, काय होते ते पाहायला. काही वर्षांत गहू तणांपुढे हरला, मग हॉथॉर्न आला, ॲश आला, ओक आला, आणि कोणीही एक रोप न लावता तिथे जंगल उभे राहिले. त्याच तुकड्याच्या एका भागात मात्र उगवणारे प्रत्येक झाड शंभरहून अधिक वर्षे दर साल उपटून टाकले जाते, आणि म्हणून तो भाग अजून गवता-तणांचा आहे. जुन्या वस्तीवर सोडलेल्या मोकळ्या तुकड्याला हेच लागणार आहे: दर वर्षी कापणी, किंवा काही मेंढ्या, आणि कुंपण दुरुस्त करणारे कोणीतरी. त्यामुळे आता सर्वेक्षणाचा अहवाल लिहिताना आम्ही शेवटी एक पान या कामासाठी ठेवतो. तिथे गवत केव्हा कापायचे, जड यंत्र आत का न्यायचे नाही, उपटलेल्या रोपांचे काय करायचे, हे सगळे लिहितो. त्या पानाची एक प्रत जमीनमालकाकडे जाते आणि दुसरी काउंटीच्या नोंदवहीत, कारण तीस वर्षांनी कापणीला येणारा माणूस आज शाळेतही गेलेला नसेल.